खुर्चीचं वय

सावंतवाडी,
श्रावणातला सोमवार

चि. मनूस,


परवा फोनवर तू हसत हसत म्हणालीस, "आत्या, मला आता खुर्च्या म्हाताऱ्या करायच्या कामाला लावलंय." मीही हसले. फोन ठेवला आणि मग मात्र डोक्यात तेच घोळत राहिलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पत्र लिही. फोनवर तिच्या पाठीमागे यंत्र घरघरत असतं, अर्धं ऐकते, अर्ध्याला 'हो हो' करते." तेव्हा हे पत्र. लांबणार आहे, माझं तुला ठाऊकच आहे. एका बैठकीत नाही झालं तर दोनदा वाच, पण मधलं गाळू नकोस.

आधी घरचं. पावसानं यंदा ठाण मांडलंय. माजघराचं दार फुगून बसलंय, कडी लागत नाही. हे रोज रंधा घेऊन त्याच्यापाशी जातात, दाराकडे बघतात आणि "दसऱ्याला आपोआप बसेल" म्हणून परत येतात. तुझ्या बाबाचा गुडघा बरा आहे. तो तुला "एकदम ठीक" म्हणून सांगतो त्याहून थोडा कमी बरा, एवढंच. चतुर्थी जवळ आली. गणपतीवरच्या माटवीची एक पट्टी किडली होती ती बदलली. चितार आळीत लाकडी फळांचा रंग वाळत नाही म्हणून कुरकुर चालू आहे. तू यायचं बघ. तिकीट मिळत नाही हे कारण यंदा चालणार नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या जयपूरच्या कारखान्यातून तू पाठवलेला फोटो मी मोठा करकरून पाहिला. सागवानाची चौकट, उलट्या इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे जाड पाय, त्यांच्यावरच टेकलेले हात, बैठक आणि पाठ वेताची. काम सुबक आहे, तुमच्या मिस्त्रीजींचा हात चांगला बसलेला दिसतो. पण शेजारी ती बादली, चहाचं काळं पाणी, लोखंडी साखळी, आणि कुठल्याशा सरकारी खात्याची अक्षरं नि आकडा पांढऱ्या रंगात उमटवायचा तो कापलेला पत्रा! साखळीचं मी एक वेळ समजून घेतलं असतं. पत्रा बघून धस्स झालं.

ह्या खुर्च्यांचं ह्यांना एके काळी वेडच होतं, कात्रणांची फाइल अजून कपाटात आहे. पावसात करायचं काय, म्हणून ती सगळी पुन्हा काढून बसले. तुला कॉलेजात यातलं बरंच शिकवलं असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण शिकवणाऱ्यांनी खुर्ची शिकवली असेल, मला तिची वरात सांगायची आहे.

ह्या खुर्च्या मूळ आखल्या त्या पिएर जानरेनं. हा जिनिव्हाचा माणूस, 1896 चा जन्म. वास्तुकार ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ. 1951 मध्ये दोघं चंदीगडच्या कामाला आले. मोठा भाऊ येऊन-जाऊन असायचा, कागदावर रेघा मारून परत पॅरिसला. धाकटा राहिला, थेट 1965 पर्यंत. उन्हाळ्यात, धुळीत, सरकारी खात्यांच्या पत्रव्यवहारात. मला त्याच्याबद्दल पहिलं प्रेम वाटलं ते यासाठी. अख्खं शहर नवं उभं राहत होतं: सचिवालय, हायकोर्ट, विद्यापीठ, वसतिगृहं, कारकुनांचे क्वार्टर्स. इमारती झाल्या, पण माणसं बसणार कशावर? इतक्या खुर्च्या, टेबलं, पलंग आणायचे कुठून आणि कुठल्या पैशानं?

आणि हा माणूस काही जन्माचा सुतार नव्हता बरं. 1928 च्या सुमाराला त्यानं, कॉर्बुझिएनं आणि शार्लोत पेरियांनं मिळून लोखंडी नळीच्या चकचकीत खुर्च्या काढल्या होत्या, त्यांनी युरोपात खळबळ उडवली. त्यांतली एक लांब आरामखुर्ची आपल्या होळकरांकडे होती! यशवंतराव होळकरांनी इंदूरला माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, एकार्ट मुथेसियस नावाच्या जर्मन तरुणाकडून, 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत. तिथे ती खुर्ची बिबट्याचं कातडं घालून ठेवलेली. पुढे 1980 मध्ये माणिकबागेतलं सामान मोनाकोला लिलावात गेलं आणि राजवाड्यात सरकारी कर-खात्याचं ऑफिस आलं. जगाची रीत.

तर सांगायचं हे, की ज्याच्या नळीच्या खुर्चीवर एक राजा पहुडत होता, त्याच माणसाला पंजाबात आल्यावर कळलं की इथे तसली नळी आणायची कुठून आणि परवडायची कोणाला. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. सागवान होतं, ज्याला वाळवी सहसा लागत नाही. शिसम होतं. वेत होता, ज्यातून वारा खेळतो आणि पाठीला घाम धरत नाही. बांबू, दोरी, लोखंडी सळई होती. आणि हातानं काम करणारे सुतार होते, जितके हवे तितके. त्यानं बांबू आणि दोरीच्या खुर्च्या करून पाहिल्या, सळईवर बैठका बसवून पाहिल्या. खुर्चीचे पाय जाड ठेवले, कारण ऑफिसात खुर्ची रोज फरफटली जाते आणि वसतिगृहातली पोरं तिच्यावर मागे झुलतात. युली चौधरी, जीत मल्होत्रा, आदित्य प्रकाश अशी आपली माणसंही त्या कामात होती, त्यांची नावं अलीकडे कुठे लोक घ्यायला लागलेत.

आराखडे निघायचे आणि वेगवेगळ्या कारखान्यांत जायचे. म्हणून एकाच जातीच्या दोन खुर्च्या तंतोतंत सारख्या नसतात. कुठे हात जरा रुंद, कुठे पाय जरा बारीक. रंधा मारणाऱ्याचं नाव कोणी कोरलं नाही. उमटवला तो फक्त आकडा, म्हणजे ही खुर्ची कुठल्या खात्याची, कितवी. तो कशासाठी, तर चोरीला जाऊ नये म्हणून! आणि तोच आकडा आज तुम्ही पत्रा कापून छापताय. ह्यांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला. मला नाही हसू आलं.

पुढची वरात वाईट आहे. खुर्च्या मोडल्या, वेत फाटला, खात्यांना स्टीलची कपाटं आणि फिरत्या खुर्च्या हव्याशा झाल्या. जुन्या खुर्च्या गच्चीवर, अंगणात, पावसात. मग भंगाराच्या भावात लिलाव. परदेशी व्यापारी आले, त्यांनी ढीगच्या ढीग उचलले, दुरुस्त केले आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांना लाखांनी रुपये आले. इकडे लोकांचे डोळे उघडले तोवर खूप माल गेला होता. आपला पुरावस्तूंचा कायदा 1972 चा, त्यात फर्निचरला शंभर वर्षं व्हावी लागतात. ही खुर्ची साठीचीही नव्हती, मग अडवणार कशी? शेवटी 2011 मध्ये केंद्राच्या गृहखात्याला वेगळा हुकूम काढावा लागला, की चंदीगडच्या ह्या वस्तू विकायच्या नाहीत, बाहेर धाडायच्या नाहीत. मग मोजदाद झाली ती बारा हजारांहून जास्त वस्तूंची.

आता तूच बघ. बाजारात खऱ्या खुर्च्या येणं कठीण, मागणी तर वाढतेय. मधली फट कोण भरणार? तुमच्यासारखे कारखाने. मला यात नवल वाटत नाही आणि रागही येत नाही. नक्कल करणं पाप आहे असं मी कधीच म्हणणार नाही. नक्कल केल्याशिवाय हात तयार होतो का कोणाचा? तुमच्या जयपुरातच बघ. संस्थानाचे इंजिनिअर होते सॅम्युअल स्विंटन जेकब, अल्बर्ट हॉल बांधणारे. त्यांनी 1890 पासून 'जयपूर पोर्टफोलिओ' छापून काढला. जुन्या इमारतींतल्या कमानी, खांब, कठडे, महिरपी मोजून, जयपूरच्याच नक्षाकारांकडून काढून घेतलेल्या. आणि पानं सुटी ठेवली! का, तर कारागिरानं हवं ते पान उचलावं, समोर ठेवावं आणि उतरवून घ्यावं. उघड उघड नक्कल करण्यासाठीच केलेलं पुस्तक ते. त्यात कोणी कोणाला फसवत नव्हतं. किशनपोल बाजारात जुन्या आर्ट स्कूलच्या हवेलीत आता संग्रहालय आहे, तू अजून गेली नसशीलच. रविवारी जा. मॉलमध्ये जाऊन काय बघायचंय?

जानरेची खुर्ची कर, शंभर कर. बिलावर लिही की जयपुरात, अमुक साली, जानरेच्या आराखड्यावरून केलेली. घेणारा आनंदानं घेईल, कारण खुर्ची चांगली आहे. पण तिला साठ वर्षांचं खोटं वय चढवून, खोटा आकडा छापून पाठवलीस, की त्या खुर्चीतलं मिस्त्रीजींचं काम पुसलं गेलं. तुझंही. घेणाऱ्याच्या लेखी तुम्ही दोघं जन्मलातच नाहीत.

आमच्या सुतारकामाच्या कारखान्याची एक गोष्ट तुला सांगितली नसेन. खूप वर्षांपूर्वी एक व्यापारी गाडी घेऊन आला होता. त्याला देव्हारे हवे होते, फणसाच्या लाकडाचे, जुन्या वाड्यातून काढल्यासारखे दिसणारे. धूर देऊन, तेलानं काळे करून, एखादा कोपरा मुद्दाम किडका ठेवून. रोख पैसे देत होता, आणि ते दिवस आमचे ओढाताणीचे होते. हे म्हणाले, "नवा म्हणून विकणार असाल तर दहा करून देतो." तो हसला, चहा पिऊन गेला. मी आत बसून हिशेबाची वही लिहीत होते आणि मनातल्या मनात ह्यांच्यावर चिडले होते, कारण घरात पैसा नव्हता. मग दोन वर्षांनी एका मुंबईच्या बाईंनी देव्हारा करून घेतला आणि खाली ह्यांची सही मागितली. ह्यांना सही कशी करायची तेच कळेना! शेवटी पटाशीनं नुसतं 'सावंतवाडी' कोरलं.

माझी खरी काळजी वेगळी आहे, मनू. एखाद्या खुर्चीनं काही आभाळ कोसळत नाही. पण रोज आठ तास तू जर हेच शिकत राहिलीस, की झीज कुठे खोटी दाखवायची, डाग कुठे टाकायचा, तर तुझी नजर तशीच घडत जाईल. तू लाकडाकडे बघशील आणि 'हे जुनं कसं दिसेल' एवढंच तुझ्या मनात येईल. 'यातून काय होईल' हे येणार नाही. लहानपणी तू रद्दीच्या पुठ्ठ्याचं पाळण्यातलं बाहुलं करायचीस, नारळाच्या हिरापासून तराजू करायचीस, ते डोकं मला हवंय.

आणि एक सांगू? ती खोटी झीज आंधळ्यालाही कळते. मी हे अक्षरशः म्हणतेय. वेत विणायला मला ज्यांनी शिकवलं त्यांना दिसत नव्हतं. दर उन्हाळ्यात ते कोर्टाच्या आणि कचेरीच्या खुर्च्या विणायला यायचे, आमच्या पडवीत बसायचे. वेताच्या सालीची वेटोळी पाण्यात भिजत ठेवायची. चौकटीला चारी बाजूंनी भोकं. आधी उभे दोर, मग आडवे, मग पुन्हा उभे, मग पुन्हा आडवे, पण आता खालून-वरून गुंफत, शेवटी दोन्ही तिरके. तिरके बसले की मधे ती आठ कोनांची भोकं उमलतात, ज्यातून तू खाली निजून आमच्याकडे डोळा लावून बघायचीस. ते बोटाच्या टोकानं भोक शोधायचे, खुंटी ठोकायचे, अंगठ्यानं ताण बघायचे. जुनी खुर्ची हातात आली की आधी बैठकीच्या पुढच्या कडेवरून हात फिरवायचे. वेत पहिला तिथेच तुटतो, मांडीचा मागचा भाग तिथे दाबला जातो म्हणून. मग हातांची पुढची टोकं चाचपायचे, माणूस उठताना तिथे जोर देतो. मग पायांचं बूड. कचेरीत रोज ओला पोतेरा फिरतो ना, म्हणून खालची दोन-तीन बोटं लाकूड काळपट आणि खरखरीत असतं. "ह्या खुर्चीत जाड साहेब बसत असे, डावीकडे कलून," असं सांगायचे, आणि शिपाई हसून मान डोलवायचा.

तुमची साखळी सगळीकडे सारखी पडते. मांडी सगळीकडे सारखी बसत नाही. फोटोत बघ, तुम्ही पाठीच्या वरच्या पट्टीवरही ओरखडे काढलेत, आणि पायांची बुडं नव्या नवरीच्या पायांइतकी स्वच्छ आहेत!

ते काळं करायचं औषधही जपून वापर. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस मुरवून लाकूड काळवंडवतात ते मला माहीत आहे, त्याचं विशेष काही नाही. पण अमोनियाचा वास घेत बंद खोलीत उभी राहू नकोस. तोंडाला फडकं बांधलं म्हणजे झालं असं नाही. नीट मास्क माग, खिडकी उघडी ठेव. तुझी सर्दी लहानपणापासूनची.

मग करायचं काय, असं तू विचारशील. जानरेकडून घ्यायचंच असेल तर त्याचे पाय नि हात घेऊ नकोस. तो त्या गावात जाऊन काय करत होता ते घे. हाताशी काय आहे, ते कोण वापरणार, आणि आजवर त्याचा उपयोग कोणी कुठे केलाय, एवढं तो बघत होता. आणि तू तर जयपुरात बसलीयेस! रस्त्याच्या कडेला मुड्ढे विकायला ठेवलेले असतात ना, सरकंड्याच्या काड्या आडव्यातिडव्या उभ्या करून मुंजाच्या दोरीनं आवळलेले? एक विकत घे आणि उलटा करून बघ. खिळा नाही, सरस नाही, आणि दोन माणसांचं वजन घेतो. काहींच्या बुडाला सायकलचा जुना टायर शिवलेला असतो, जमिनीवर घासून काड्या झिजू नयेत म्हणून. तो टायर पहिल्यांदा कोणाला सुचला असेल? त्याला डिझायनर कोणी म्हणणार नाही.

टायरवरून आठवलं. जयपूर फूट तुला माहीत आहे, पण त्याची जन्मकथा कॉलेजात कोणी सांगितली का? सवाई मानसिंग रुग्णालयात, 1968 च्या सुमारास. डॉक्टर प्रमोद करण सेठी होते आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शाळा फारशी झालेली नव्हती, हात मात्र असा की काही विचारू नका. विलायती कृत्रिम पाय होते, पण त्यांवर बूट चढवावा लागे, आणि मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे. आपल्या माणसानं शेतात जायचं कसं, जेवायला बसायचं कसं, देवळात शिरायचं कसं? मास्टरजींनी टायरला नवा रबर चढवणाऱ्याच्या दुकानात रबर कसा शिजवतात ते पाहिलं आणि तिथून वाट निघाली. आत लाकूड आणि स्पंजासारखा रबर, बाहेरून पावलाच्या आकाराचा शिजवलेला रबर. अनवाणी चाला, चिखलात चाला, मांडी घाला. डॉक्टरांना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, योग्यच झालं. मास्टरजींचं नाव मात्र किती जणांना माहीत आहे? तुझ्या खोलीपासून ते रुग्णालय फार लांब नसेल. तुझ्या पिढीला प्रेरणा शोधायला मिलानला जावंसं वाटतं म्हणून सांगितलं.

आणखी एकाचं सांगते. हे त्याला फार मानतात. जॉर्ज नाकाशिमा. अमेरिकेत जन्मलेला जपानी, शिकला वास्तुकला, 1937 मध्ये पाँडिचेरीला आला. अरविंदांच्या आश्रमात गोलकोंड नावाची इमारत बांधायची होती, वास्तुकार अँटोनिन रेमंडच्या हाताखाली. तिथे तो असा रमला की आश्रमात त्याला सुंदरानंद हे नाव मिळालं. कड्याकोयंड्यांसाठी आश्रमातली जुनी पितळी भांडी वितळवली असं सांगतात. आमच्या घरात असतं तर तुझ्या आजीनं तांब्याला हात लावू दिला नसता! पुढे महायुद्धात अमेरिकेनं त्याला, तो जपानी वंशाचा म्हणून, कुटुंबासकट आयडाहोच्या छावणीत डांबलं. तिथे त्याला एक म्हातारा जपानी सुतार भेटला, गेंतारो हिकोगावा. त्याच्याकडून तो हत्यारं धरायला, टाकाऊ लाकूड आणि वाळवंटातलं झुडूप वापरायला शिकला. पुढे जगप्रसिद्ध झाला तरी फळीला तडा गेलेला असला तर ती टाकायची नाही, तडा लपवायचा नाही. त्याच्यावर डमरूच्या आकाराची लाकडी पाचर बसवायची, सगळ्यांना दिसेल अशी. 1964 मध्ये तो अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि इथल्या सुतारांबरोबर फर्निचर करून गेला. तुमचे काही सर तिथलेच असतील, त्यांना विचार.

बघ, एकानं तडा दाखवला म्हणून त्याचं नाव झालं, आणि तुम्ही नसलेला तडा पाडताय.

आता व्यवहाराचं. मालकाशी भांडू नकोस. नोकरी सोडून इकडे ये असंही म्हणत नाही. खोलीचं भाडं, मेसचे पैसे, कॉलेजच्या कर्जाचा हप्ता, मला सगळं कळतं. खर्चापुरते सहा महिन्यांचे पैसे बाजूला पडेपर्यंत तोंड सांभाळून राहा. पण तो आकडा छापायचं काम तुझ्या हातून होऊ देऊ नकोस. सरळ सांग, "साहेब, मला वेतावर घ्या, मला वेत विणता येतो." येतोच की तुला, माझ्या हाताखाली शिकलीस. चांगला विणणारा माणूस कुठल्याही मालकाला हवाच असतो, नाहीतर यंत्रावर विणलेली चटई खाचेत दाबून बसवतात आणि दोन वर्षांत बैठक खाली येते. दुसरं, मालकाला एकदा, नीट वेळ बघून, सुचवून बघ की 'जयपुरात केलेली' असं लिहून विकली तर गिऱ्हाईक मिळणार नाही असं थोडंच आहे? तो हसेल. हसू दे. तिसरं, कागदांवर सही करताना वाचून कर. खोट्या वयाच्या मालाच्या पावतीवर तुझं नाव नको. हे मी घाबरून सांगत नाही, पण बाबाला हे कळलं तर तो घाबरेल, म्हणून त्याला मी काही बोललेले नाही.

आणि मिस्त्रीजींशी नीट राहा. त्यांना ह्या सगळ्याबद्दल शिकवायला जाऊ नकोस, त्यांच्या घरी चार तोंडं आहेत. त्यांच्याकडून शिक. खाच किती खोल घेतात, कूस किती सैल ठेवतात, जयपूरच्या कोरड्या हवेचा हिशेब कसा धरतात. इथल्या दमट हवेतलं लाकूड तिकडे नेलं की उन्हाळ्यात सांधा सुटतो, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नसणार. एक वही कर. खुर्ची कोणाच्या हातची, कोणी रंधलं, कोणी विणलं, कोणत्या तारखेला, सगळं लिहून ठेव. कोणी मागो न मागो. लिलावाच्या पुस्तकांत नाव जानरेचंच येतं. तुझ्या वहीत बाकीच्यांची येऊ देत.

वेताचं अजून एक. तिकडे लू सुरू झाली की वेत कडक होतो आणि तुटतो. दर पंधरा दिवसांनी खुर्ची उलटी करून खालच्या बाजूनं ओला फडका फिरवायचा, वरून नाही. वरची साल चकचकीत असते, ती पाणी पीत नाही. बैठक थोडी खाली आली असेल तर रात्री भिजवून ठेव, सकाळी वाळली की आपोआप ताणली जाते. हे तुमच्या परदेशी गिऱ्हाइकालाही छापून पाठवा, उपयोग होईल.

जानरेबद्दल एक राहिलं. तब्येत बिघडल्यावर तो परत गेला, 1967 मध्ये जिनिव्हात वारला. त्याची इच्छा होती म्हणून त्याची रक्षा पुतणीनं 1970 मध्ये चंदीगडला आणून सुखना तलावात सोडली. पुतण्या-भाच्या अशा कामाला येतात! सेक्टर 5 मधलं त्याचं घर आता संग्रहालय आहे. जयपूरहून एका रात्रीचा प्रवास असेल. पगार झाला की जाऊन ये, तिकिटाचे पैसे मी देते. तिथल्या खुर्च्यांवर बसू देत नसतील, पण वाकून खालून बघ. बघू नको म्हणाले तर चप्पल सुटल्याचं निमित्त कर.

थोडी बातमी राहिली. जुलैच्या वाऱ्यात मागचा बरका फणस आडवा झाला. गोठ्याचं छप्पर वाचलं, देवाची कृपा. बुंधा चांगला जाड आहे, गाभा पिवळाधमक. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, ह्यांनी कोणाला दिला नाही. तुझ्यासाठी चिरून पडवीत रचून ठेवायचा म्हणतात. पूर्ण मुरायला दोन पावसाळे लागतील, तोवर तू ठरव काय करायचं ते. गिरणवाला चतुर्थीनंतर येणार आहे. त्याला जाडी सांगायची आहे, दीड इंच की दोन? विचार करून कळव, आणि फोनवर 'तुम्हीच बघा' म्हणू नकोस.

बाकी क्षेम.

तुझी,
आत्या

ता. क. डब्यात आमसुलं आणि कुळथाचं पीठ पाठवते आहे. पिठी मिस्त्रीजींच्या घरीही थोडी दे आणि कशी करायची ते सांग, नाहीतर त्याची बेसनासारखी भजी तळतील.